चतुर्थीचा रविवार

आमच्या सासूबाईंचे गुडघे माझे होते. ऐकायला विचित्र वाटेल, पण एकत्र घरात ज्याच्या त्याच्या वाट्याला काही ना काही येतंच. माझ्या नवऱ्याच्या, आसारामच्या वाट्याला कांदा आणि ऊस आला, दिराच्या वाट्याला राहुरीतलं खताचं दुकान, आणि माझ्या वाट्याला मालनबाईंचे गुडघे. लग्न होऊन आले तेव्हापासून दिवेलागणीला तिळाचं तेल कोमट करायचं, ओसरीवर बसायचं आणि त्यांचे पाय मांडीवर घ्यायचे, हा माझा नेम. तेलाने गुडघे बरे होत नव्हते हे मलाही कळत होतं. पण मी चोळत असले की सासूबाई बोलायच्या. नेवाशाच्या माहेराबद्दल, प्रवरेच्या पुरात गेलेल्या धाकट्या बहिणीबद्दल, सासऱ्यांच्या तापट स्वभावाबद्दल. पोटच्या लेकांना कधी सांगितलं नाही ते मला सांगायच्या. दिवसभर राबून मला या घरात स्वतःचं असं काय मिळालं म्हणाल, तर तेवढंच.

मग धनश्री आली. माझी धाकटी जाऊ, गोरक्षची बायको. नगरची, शिकलेली, ॲक्युपंक्चरचा कोर्स केलेली. दुकानाच्या वरच्या खोलीत तिने दवाखाना काढला, आणि महिन्याभरात माना आखडलेली, कंबर धरलेली माणसं जिना चढायला लागली. घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी तिने सासूबाईंना ‘आई’ म्हटलं. मी इतकी वर्षं ‘आत्याबाई’च म्हणत आलेय. ‘आई’ म्हणावं असं कितीदा मनात आलं, पण जीभ वळली नाही. ही आली आणि बिनदिक्कत म्हणून मोकळी झाली.

दसऱ्यापासून ती दर रविवारी सासूबाईंच्या गुडघ्यांना सुया लावायला लागली. अंगणात कोवळ्या उन्हात बाज टाकायची, पाठीला लोड द्यायचा आणि केसासारख्या बारीक सुया एकेक करून टोचायच्या. पहिल्यांदा सासूबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. दिवाळीला त्या कुणाचा हात न धरता मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आल्या. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन गेले, तर म्हणाल्या की राहू दे आता, सुयांनी लई हलकं वाटतंय, उगं लुगडं तेलकट होतं. मी तेल परत बाटलीत ओतलं. हात मात्र तसाच तेलकट राहिला आणि मी तो रात्रीपर्यंत धुतला नाही.

सुयांवर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण धनश्रीचं ऋतूप्रमाणे वागणंही होतं. थंडीत बाजरी, तीळ, गूळ, लसूण खा. सकाळचं ऊन अंगावर घ्या, लवकर झोपा. उन्हाळ्यात ज्वारीवर या, पावसाळ्यात रात्रीचं दही बंद. आता यात नवीन ते काय? हे सगळं मी आल्यापासून रांधतेय, आणि मला ते शिकवलं खुद्द सासूबाईंनी. पण धनश्री सांगायला लागली की त्याच सासूबाई नवं काही ऐकल्यासारख्या माना डोलवायच्या. आसारामही ताटावर बसल्यावर म्हणायचा, धनश्रीमुळे खाण्यापिण्याला वळण लागलं. भाकरी मी थापायची आणि कौतुक तिचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तिचं एकच सांगणं सासूबाईंनी मानलं नव्हतं. उपाशी राहिलं की त्यांना चक्कर यायची, म्हणून धनश्रीने कडक उपास बंद करायला सांगितले होते. सासूबाई हो म्हणाल्या खऱ्या, पण संकष्टी त्यांनी परकर-पोलक्यात असल्यापासून धरलेली. चंद्र उगवेपर्यंत चहा-पाणी सोडून काही नाही. तेव्हा त्या दर चतुर्थीला ताट घेऊन गोठ्याकडे जायच्या, भाकरी गाईला घालायच्या आणि रिकामं ताट आणून ठेवायच्या. हे फक्त मला माहीत होतं. धाकटीला सांगू नको, म्हणाल्या होत्या. मी कशाला सांगते? धनश्रीला ठाऊक नाही अशी त्यांची एवढी एकच गोष्ट माझ्याकडे उरली होती.

मार्गशीर्षातली संकष्टी रविवारी आली. मी कॅलेंडरवर ते आधीच बघून ठेवलं होतं. उपाशी माणसाला सुया लावायच्या नसतात, हेही मला माहीत होतं. शेजारच्या रंगुबाई एकदा अनशापोटी आल्या होत्या, तर धनश्रीने मला आधी त्यांना पोहे खायला घालायला लावले आणि मगच सुई हातात घेतली. घेरी येते म्हणाली. म्हणजे मला कळत नव्हतं असं काही नव्हतं.

त्या सकाळी धनश्रीने बाज टाकली, हात धुतले आणि नेहमीप्रमाणे विचारलं की आई, पोटात काही आहे ना? सासूबाईंनी भाकरी खाल्ल्याचं सांगितलं. सांगताना माझ्याकडे एक नजर टाकली. धनश्रीने मलाही विचारलं. मी दारात उभी होते, हातात पीठ चाळायची चाळण. मी म्हणाले, “मला काय विचारतेस? तुझ्या आईंनाच विचार.”

तिला त्यातली खोच कळली नाही. तिने पहिली सुई लावली, दुसरी लावली. तिचं सगळं लक्ष गुडघ्याकडे. माझं सासूबाईंच्या तोंडाकडे. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, बघू दे सगळ्यांना हिची विद्या. मग सासूबाईंची मान लोडावरून घसरली. त्यांचा हात बाजेवर काहीतरी चाचपडत होता आणि त्या पुटपुटल्या, “थोरले…”

हातातली चाळण पडली. मी ओरडले, “सुया काढ! चतुर्थी आहे, त्या उपाशी आहेत.”

धनश्रीने झटझट सुया काढल्या, लोड ओढून त्यांना आडवं केलं, पाय उचलून धरले. मी गुळाचं पाणी आणलं. चमचा तोंडाशी नेला तर त्या अवस्थेतही त्यांनी मला विचारलं की गूळ चालतो ना गं उपासाला? चालतो, म्हणाले. हळूहळू तोंडावर रंग आला.

धनश्रीने काढलेल्या सुया मोजून डबीत ठेवल्या. तिने माझ्याकडे बघितलं. “ताई, तुम्हाला माहीत होतं?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, “तिला कुठनं ठावं आसनार? मी कुनालाच सांगितलं न्हवतं. कॅलेंडर बघून वळखलं तिनं.”

धनश्रीने ते खरं मानलं. उलट माझेच हात धरले आणि म्हणाली, तुम्ही होतात म्हणून बरं. दिवसभर ती खोलीत रडत होती, मी आईंना विचारायला कमी पडले म्हणत होती. मला तिची दया यायला हवी होती, पण एवढा भाबडेपणाही तिलाच का मिळावा, असं वाटत राहिलं.

दिवेलागणीला सासूबाई ओसरीवर येऊन बसल्या आणि मला हाक मारून तेल आणायला सांगितलं. मी चुलीपाशी पळतच गेले. तेल कोमट केलं, बसले. त्यांनी आपणहून पाय माझ्या मांडीवर ठेवले. किती दिवसांनी ते वजन मांडीवर आलं. मी चोळायला लागले.  मग त्या हळूच म्हणाल्या, “तू दारात उभी हुतीस. मी बघत हुते तुझ्याकडं.”

मी शिव्यांची वाट बघितली.  शेवटी मीच म्हणाले, “आत्याबाई, बोला ना काहीतरी. पुराचं सांगा, तुमच्या बहिणीचं.”

“तुला समदं सांगून झालंय,” त्या म्हणाल्या. मग खोलीच्या दिशेने मान वळवून त्यांनी हाक मारली, “धाकटे, रडू नको. ये, बस हितं माझ्यापशी.”

धनश्री डोळे पुसत आली आणि त्यांच्या शेजारी बसली. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सांगायला लागल्या, नेवाशाला आमचं घर पार नदीला लागून हुतं, माझ्या पाठची एक बहीन हुती. धनश्रीने हे कधी ऐकलं नव्हतं. ती तोंड उघडं ठेवून ऐकत होती. पुढचा एकेक शब्द मला पाठ होता. मी खाली मान घालून गुडघे चोळत राहिले.