एक थेंब जास्त

ब्युरेटच्या टोकाला एक थेंब लटकून राहिला होता — पडेन पडेन म्हणणारा आणि पडायचं नाव न घेणारा — आणि सुहास जाधव तोटीवर बोट ठेवून उगाच त्याच्याकडे बघत उभा होता. काल बारावीची पोरं बस चुकेल म्हणून सगळं तसंच टाकून पळाली होती. शंकुपात्रांच्या तळाशी गुलाबी पाणी राहिलं होतं, कुठे फिकं, कुठे चांगलं भडक. फिकं म्हणजे बरोबर, भडक म्हणजे एखाद-दुसरा थेंब जास्त गेलेला. पण पोरांच्या वह्यांत सगळ्यांचे आकडे सारखेच असणार, हे त्याला न बघता ठाऊक होतं.

पोलादपूरच्या या कॉलेजात तो एकवीस वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होता. धुवायचं, मोजून द्यायचं, फुटलं की लिहून ठेवायचं. कपाटांवरच्या चिठ्ठ्या त्याच्याच वळणदार अक्षरातल्या — बुन्सेन बर्नर, लिबिग कंडेन्सर, किपचं उपकरण — सगळी मेलेली माणसं, आणि रोज सकाळी यांची धूळ पुसायची ती सुहास जाधवने. नव्या आलेल्या ऋतिका मॅडमनी काल वर्गाला या नावांमागची माणसं सांगितली. बुन्सेनचा बर्नर म्हणे प्रत्यक्षात त्याच्या हाताखालच्या कारागिराने घडवला होता, डेसागा नावाच्या. पण नाव लागलं ते साहेबाचं. मुलं हसली. मॅडम म्हणाल्या, शास्त्रात आपलं नाव राहणं यापेक्षा मोठा मान नाही. सुहास मागच्या सिंकपाशी पिपेटी धूत होता, त्याने नळ जरा मोठा सोडला. मॅडमचं वय काय, अनुभव काय... नाव राहतं, मॅडम. कशाला चिकटून राहतं ते मात्र आपल्या हातात नसतं.

आणि नेमकं कालच संध्याकाळी साक्षीने तो शब्द घरात आणावा.

साक्षी, त्याची मुलगी, महाडला एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये ट्रेनी लागून जेमतेम महिना झालेला. भाकरी मोडता मोडता ती सांगत होती, की आमच्या लॅबमध्ये टायट्रेशन पुढे गेलं ना, रंग भडक झाला, की म्हणतात 'दासगावकर झाला'. सगळीकडेच म्हणतात, शेजारच्या कंपनीतसुद्धा. आमची सिनियर सेजलताई म्हणाली, असा कुणी माणूस होता म्हणे, एवढं मोठं काम बिघडवलंन की टँकर परत आला. साक्षीला त्या शब्दाची फार गंमत वाटत होती. त्याची बायको निशा मात्र उठली आणि भरलेला तांब्या परत भरायला आत गेली. सुहासने कोशिंबीर वाढून घेतली. दुसरं काय करणार होता?

सुहास तरुणपणी एमआयडीसीतल्या ज्या कंपनीच्या लॅबमध्ये होता, तिथे मस्टरवर चार जाधव होते. हा मूळचा शिवथरकडचा, पण नोकरीसाठी मामाकडे दासगावला राहायचा, म्हणून ओळखायला दासगावकर. साक्षीला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं; तिच्या जन्माआधीच मामा वारला होता, ते घर सुटलं होतं, आणि बाप कधीकाळी कंपनीत होता एवढंच तिला माहीत होतं. वस्तीतला पहिला बी.एस्सी. आई, जानकीबाई, पहिल्या पगाराचे पेढे घेऊन बुद्धविहारात गेली होती आणि प्रत्येकाला सांगत होती, "माझा सुहास शास्त्रज्ञ झाला गो." शास्त्रज्ञ!

काय केलं होतं त्याने? जे लॅबमधला प्रत्येकजण आठवड्यातून दोनदा करायचा तेच. संध्याकाळची पाळी, डोक्यावरची ट्यूब लुकलुकणारी, फाटकात टँकर उभा — आणि एक थेंब जास्त गेला. रीत साधी होती, सगळ्यांना तोंडपाठ: मनातल्या मनात थेंब वजा करायचा, छानसा आकडा लिहायचा आणि चहाला जायचं. कुणी कुणाला शिकवायचं नाही आणि कुणी चुकायचं नाही. पण तो बसला आणि रजिस्टरमध्ये शाईने लिहिलं — 'एक थेंब जास्त गेला आहे. पुन्हा करावे.' मी लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, मला तसंच येत होतं, जे दिसलं ते लिहायचं, शास्त्र म्हणजे तेच असं मला वाटत होतं... किशोर साहेब, पाळीचे इनचार्ज, म्हणाले पुन्हा करायला वेळ कुठाय, आणि टँकर सोडला. पंधरा दिवसांनी माल परत आला. एका थेंबाने टँकरभर माल बिघडत नाही, हे तिथल्या झाडूवाल्यालाही कळत होतं; टँकरच नीट धुतलेला नव्हता. पण चौकशी बसली, सहा महिन्यांची रजिस्टरं उलगडली, आणि शेकडो पानांत चूक अशी एकच सापडली. कारण लिहिलेली तेवढीच होती.

नोकरी गेली. त्याचं एवढं नाही, नोकऱ्या जातात. पण माणसं एका कंपनीतून दुसरीकडे जाताना डबा, चपला आणि तो शब्दही बरोबर घेऊन गेली. ज्यांनी आयुष्यभर थेंब वजा केले त्यांच्या नावाने काहीच नाही. त्याला संताप यायचा, अजून येतो, जेवताना मध्येच येतो. पण त्या संतापाच्या तळाशी त्याने एक गोष्ट इतकी वर्षं जपून ठेवली होती — की मी खरं लिहिलं होतं. कुणाला सांगितली नाही. साक्षीला एकदा सांगायची होती, ती मोठी झाली की.

दुपारी पाऊण वाजता तिचाच फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती, बहुतेक लॅबच्या बाहेर येऊन.

"पप्पा, बिझी नाय ना? माझं टायट्रेशन पुढे गेलंय. एकच थेंब असेल. खाली गाडी उभी हाय. सेजलताई बोलते, वजा करून लिही, सगळे तसंच करतात. मला कसंतरी वाटतंय... लिहू का, पुढे गेलं म्हणून? पुन्हा करायला वीस मिनटं लागतील."

समोर खिडकीतून हायवेवरचे ट्रक कशेडी घाटाच्या बाजूला चाललेले दिसत होते. सांग, तो स्वतःला म्हणाला. हीच वेळ आहे. सांग, की शाईने लिही, आणि तो दासगावकर कोण होता तेही सांग... आणि त्याला दिसलं — साक्षी शाईने लिहितेय, कुणीतरी ते पान पुढे कधीतरी उघडतंय, आणि दहा वर्षांनी एखादी नवी पोरगी हसत हसत घरी सांगतेय, आमच्याकडे याला 'साक्षी झाली' म्हणतात.

"वजा कर," तो म्हणाला. "शून्य पूर्णांक शून्य पाच कमी कर आणि लिहून टाक."

"तुम्ही असतात तर हेच केलं असतंत?"

"हेच."

"मग ठीक हाय," साक्षी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला, लहानपणी शाळेला सुट्टी आहे म्हटल्यावर व्हायचा तसा. "मला वाटलं तुम्ही ओरडाल. बरं झालं विचारलं. नायतर माझा पण दासगावकर झाला असता."

ती हसली. सुहासही हसला, तिला ऐकू जाईल इतपत.

फोन ठेवून तो स्टुलावर बसला. त्या शब्दाचा राग येईल म्हणून वाट पाहिली, नेहमीसारखा, छातीत खालून वर चढणारा... आला नाही. मॅडम दारातून विचारून गेल्या, तिसऱ्या तासाची तयारी झाली का, आणि तो हो म्हणाला. एवढी वर्षं त्या लोकांनी आपलं नाव एका चुकीला फुकट चिकटवलं असं तो समजत होता, आणि आता, हात धुऊन टॉवेलला पुसताना, त्याला शांतपणे कळत होतं की आज थेंब वजा करणाऱ्यांत आपणही बसलो, आजपासून तक्रार करायला जागा उरलेली नाही.