काचेआडचा निळा

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. एका शास्त्रज्ञाला मी एकट्याने भानावर आणलं, हे सांगूनही कुणाला पटत नाही. तुम्हालाही पटणार नाही.

कारखान्यात माझ्या पोटात पियानो, व्हायोलिन आणि अख्खा वाद्यवृंद भरला गेला. एक हत्तीही होता, पण तो वाटेतच उतरला. शास्त्रज्ञांनी मला घरी आणलं. रंगावरून परतणारा उजेड यंत्राने मोजायचा, हे त्यांचं काम. त्यांची बायको चित्रकार. ती चित्र रंगवी, हे त्यावर यंत्र फिरवत आणि आलेल्या आकड्यांचे सूर करून माझ्यावर जुन्या घाटाच्या संथ रचना बांधत. तांबडा खर्जात, निळा वर. बाई ब्रश धुता धुता म्हणत, "अहो, माझा निळा जरा घाई करतोय." हे मुकाट्याने लय उतरवत. पाहुणे वाहवा करत, मी फुगून बसे.

मग बाई गेल्या. शास्त्रज्ञ रडले नाहीत. धूळ बसू नये म्हणून त्यांनी सगळ्या चित्रांवर काचा बसवून घेतल्या आणि पुन्हा यंत्र फिरवू लागले. पण तळं असो की बाजार, निघे तो एकच राखाडी सूर. तोच ते वाजवत बसत. मलाही काही वाटेनासं झालं होतं. पट्टी दाबली की वाजायचं, सोडली की गप्प.

शेवटी चित्रं संग्रहालयाला द्यायची ठरली. आदल्या संध्याकाळी वाजवता वाजवताच ते मुलीला म्हणाले, "नेऊ देत. यात ती उरलीच नाही."

तेव्हा मी निश्चय केला, आता वाजायचं नाही. आणि ऐन सुरात थांबलो! त्या शांततेत मुलगी तळ्याच्या चित्रापाशी गेली. "बाबा, इथे काय दिसतंय?" ते वाकले. काचेत त्यांचा चेहरा आणि वरचा दिवा. इतके दिवस ते तेच मोजत होते. जन्म उजेड मोजण्यात गेला, आणि काच विसरले.

मुलीने काच काढली, माझ्यामागे जाऊन जरा खुडबुडली. त्यांनी पुन्हा यंत्र धरलं. निळा आला, घाईघाईने. या वेळी त्यांनी लय उतरवली नाही. यंत्र खाली ठेवत म्हणाले, "उद्याची गाडी नको म्हणून कळव."

म्हणून सांगतो मित्रांनो, जपायचं म्हणून कशालाही कोंडून ठेवू नका. हात लागू द्या. माझ्यासारख्या म्हाताऱ्यावरही अधूनमधून फडकं फिरवा.

शास्त्रज्ञांनी मला थोपटलं. "शहाणं आहे हो, नेमकं वेळेवर थांबलं."

"कसलं शहाणं, बाबा," मुलगी म्हणाली. "प्लग मी काढला होता. तो सूर मला ऐकवेना."