तोटीचा चंबू आणि खालचा थर

मित्रांनो, मी एक जुना तोटीचा चंबू आहे. पेरूसारखे पोट, वर बूच आणि खाली काचेची तोटी. शिकलेले लोक मला विभाजक नरसाळे म्हणतात. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव माझ्यात ओतले, खळखळून हलवले आणि घडीभर थांबले की जड द्रव खाली बसतो, हलका वर तरंगतो. मग तोटी उघडून खालचा थर सोडायचा आणि वरचा वेगळा काढायचा. ऐकायला किती सोपे! पण या सोप्या कामात माणसे काय घालवून बसतात, ते मी पाहिले आहे.

जर्मनीचे दोन देश होण्याआधी तिथल्या थुरिंगियाच्या डोंगरातल्या एका गावात माझा जन्म झाला. माझ्या कारागिराने मला फुंकून घडवले आणि माझी तोटी तिच्या खोबणीत इतकी घासली की थेंबसुद्धा गळेना. त्या तोटीचा मला आजही गर्व आहे. पुढे कासेल शहरातल्या एका शाळेत मी पुष्कळ वर्षे राबलो. मला हलवताना मधूनमधून उलटे धरून तोटीतून आतली वाफ सोडावी लागते. मुले ते विसरत आणि माझे बूच थेट छताला जाऊन धडके. मास्तर ओरडत, मुले हसत. ते दिवस चांगले होते.

मग शाळेत नवे चंबू आले आणि मी अडगळीत गेलो. एके दिवशी, लोक घरातले मोडकेतोडके सामान फुटपाथवर मांडतात त्या दिवशी, मलाही खोक्यात घालून बाहेर ठेवले. पाय मोडलेल्या खुर्चीशेजारी मी पडून होतो. तिथून मला गुड्रुनने उचलले.

गुड्रुन टपाल कचेरीत नोकरीला होती. लग्न केले नव्हते, घरी फक्त म्हातारी आई. रसायनांचा तिला भारी नाद. इमारतीच्या तळघरात सगळ्यांची कपडे धुण्याची खोली होती, तिच्या एका कोपऱ्यात तिने आपला संसार थाटला होता. शेजारणी टोमणे मारत, "काय गं, आज चादरी धुतेस की विष शिजवतेस?" ती हसण्यावारी नेई. पण कामाला मोठी कडक. डोळ्यांवर चष्मा, खिडकी सताड उघडी, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी. सरबताच्या बाटलीत कधी काही भरून ठेवले नाही. लव्हेंडर, पुदिना, संत्र्याची साल, काय काय तिने माझ्यातून गाळून घेतले! प्रत्येक वेळी ती डाग काढायचे हलके बेंझिन वापरी. ते वास ओढून घेऊन पाण्यावर तरंगे. खालचे पाणी मोरीत, वरचा थर बशीत. हे तिच्या हाताच्या सवयीचे झाले होते.

गावाबाहेर त्यांची भाड्याची छोटी बाग होती आणि तिच्यात गुड्रुनच्या वडिलांनी लावलेला गुलाब. त्या वर्षी नगरपालिकेने कळवले की बागेवरून रस्ता जाणार, शरद ऋतूत सगळे उखडणार. आईला दिसणे जवळजवळ बंद झाले होते. गुड्रुन म्हणाली, "आई, झाड उपटून कुंडीत लावू या का?"

"इतकं जुनं खोड कुंडीत जगतं होय? नुसतं मरताना बघत बसू," आई म्हणाल्या. "माझे डोळे गेले, नाक शाबूत आहे. त्याचा वास तेवढा ठेव माझ्यासाठी."

जूनमधल्या एका शनिवारी गुड्रुनने पहाटे झाडावरची झाडून सगळी फुले आणली. त्या झाडाला वर्षातून एकदाच बहर येई आणि हा शेवटचा होता. पाकळ्यांतून वाफ नेऊन तिचे पाणी करता करता दुपार झाली. ते सुगंधी पाणी तिने माझ्यात ओतले आणि बेंझिनची बाटली उचलली, तर ती रिकामी! शनिवारी बारा वाजले की आमच्याकडची दुकाने बंद होतात, ती सोमवारीच उघडतात. गुड्रुनच्या तोंडचे पाणी पळाले.

वरच्या मजल्यावरचे एकहार्ट खुर्च्यांना पॉलिश करत. तिने विचारताच ते जुना रंग काढायच्या द्रावणाची चांगली शुद्ध बाटली घेऊन आले. "घ्या बाई, मेथिलीन क्लोराईड. तुमच्या बेंझिनपेक्षा सरस."

"माहीत आहे हो मला," गुड्रुन घाईने म्हणाली. आणि तिला खरेच माहीत होते! ते पाण्याहून जड असते, खाली बसते, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण डोक्याला माहीत असलेले हाताला माहीत असतेच असे नाही.

तिने हलवले, वाफ सोडली, थर बसू दिले. मग सवयीने तोटी उघडली. मित्रांनो, माझ्या पोटातून त्या गुलाबाचा जीव मोरीत चालला होता आणि मला ओरडता येत नव्हते.

पुन्हा खाली उतरणारे एकहार्ट जिन्यातच थबकले. "अहो बाई, मोरीला कसला वास सुटलाय हा?"

गुड्रुनने तोटी फिरवून बंद केली. खालचा थर संपला होता. ती मोरीपाशी मटकन बसली आणि लहान पोरीसारखी रडली. "मीच ओतला. सगळा ओतला."

"सगळा कसा?" एकहार्ट म्हणाले. "पाण्यात काहीतरी राहिलंच असेल ना? उठा!"

ती उठली. पाण्यात मूठभर मीठ विरघळवले, म्हणजे पाणी वासाला धरून ठेवत नाही. बाटलीत उरलेले द्रावण एकदम न ओतता थोडे थोडे घालून ते पाणी तीनदा धुतले. आता मात्र प्रत्येक थर भांड्यात जपून ठेवला. सज्ज्यात ते द्रावण उडून जाऊ दिले, तेव्हा तळाशी एक पिवळसर थेंब उरला. तो तिने छोट्या कुपीत घेतला.

सोमवारी आई काठी टेकत तळघरात उतरल्या. गुड्रुनने कागदाच्या पट्टीचे टोक थेंबात बुडवून त्यांच्या नाकाशी धरले.

"आई, माझ्या हातून सांडला गं. एवढाच उरला."

"गाढवे," आई म्हणाल्या, "मला काय अंघोळ करायचीय त्यानं?" आणि पट्टी हातात घट्ट धरून त्यांनी डोळे मिटले.

शरद ऋतूत बाग गेली. त्यापुढच्या हिवाळ्यात आईही गेल्या. तोवर रोज रात्री झोपण्याआधी त्या कुपीचे बूच काढून एकदा वास घेत. शेवटी शेवटी कुपीत काहीच उरले नव्हते, तरी घेत.

आता मी फळीवर असतो. माझी तोटी काढून, कागदात गुंडाळून शेजारी ठेवलेली असते, नाहीतर ती खोबणीत कायमची अडकून बसेल. तुम्हीही माझ्या भाईबंदांना असेच जपा. आणि मित्रांनो, एक विनवणी. काम पुरे होऊन हवे ते हाती लागेपर्यंत कुठलाच थर फेकू नका. शंका आली तर वरून पाण्याचा एक थेंब सोडा आणि तो कुठल्या थरात मिसळतो ते बघा. याला फार वेळ लागत नाही. मोरीत गेलेले परत आलेले मी कधी पाहिले नाही.