चोवीस दात्यांची धाकटी

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. पोलादाची, तळहाताएवढी, काठाला मोजून चोवीस दाते. सायकलच्या पायडलापाशी माझी जागा. पाय मला फिरवतात, मी साखळी ओढते आणि साखळी मागच्या चाकाला ओढते. जन्मभर ओढलं. आता दमले आहे, तेव्हा सांगता सांगता डुलकी लागली तर समजून घ्या.

कारखान्यात पत्र्यातून आम्हा तिघी बहिणींना कापून काढलं. थोरली पन्नास दात्यांची, मधली अडतीस, मी धाकटी. दुकानात पोचल्यावर त्या दोघी काचेच्या कपाटात गेल्या आणि मी फळीखालच्या डब्यात, गंजक्या बोल्टांच्या शेजारी. दुकानाचा मालक सायकलमिस्त्री. हात सोन्याचा, पण वेगाचा भारी शौकीन. ज्याची चकती मोठी त्याची छाती मोठी, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्या हिशेबात मी कुठेच बसत नव्हते.

मिस्त्रीची वहिनी पाणीखात्यात होती. टेकडीवरच्या टाकीचं पाणी रोज सकाळी तपासायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं तिने ते सायकलवरून केलं. मग तिची पाठ बिघडली. वाकून बसायचं नाही, धक्के खायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. खात्याची गाडी टाकीवर आठवड्यातून एकदा जाई, पाणी मात्र रोज तपासावं लागे. म्हणून मिस्त्रीने तिच्यासाठी आडवी सायकल बांधली, माझ्या दोघी बहिणी लावून. पाठ टेकून रेलायचं आणि पाय पुढे लांब करून पायडल मारायचे. गल्लीने तिचं नाव 'आरामखुर्ची' ठेवलं. "बाई, उशी विसरलात!" असं रोज कोणीतरी ओरडायचंच.

"भावोजी, चढाचं काय?" तिने आधीच विचारलं होतं.

"दोन चकत्या बस झाल्या, वहिनी. धाकटी लावली तर तुम्ही वर पोचेपर्यंत टाकी आटेल!"

पहिल्याच दिवशी तिसऱ्या वळणावर सायकल थांबली आणि बाई अलगद गटारात कलंडल्या. नमुन्याच्या बाटल्या तेवढ्या छातीशी धरून वाचवल्या. बातमी खात्याच्या साहेबांच्या कानावर गेली. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला कटकट नको होती.

"आठ दिवस बघतो. रोज वर पोचलात तर काम तुमचं. नाहीतर इथे टेबल रिकामं आहे. सावलीत बसाल."

सगळ्यांना वाटलं, बाईंचं नशीब उघडलं. बाईंना मात्र ते नको होतं. त्या टेबलावर बसून दुसऱ्यांनी आणलेले आकडे वहीत उतरवायचे, पाणी डोळ्यांनी बघायचंसुद्धा नाही! त्या संध्याकाळी त्या दुकानात आल्या, हातात तपासणीचा कागद, त्याच्या पाठीवर आकडे.

"भावोजी, तुमच्या उभ्या सायकलवर चढ आला की तुम्ही पायडलवर उभे राहता, अंगाचा भार टाकता. मी पडलेय उताणी. मी भार टाकू कशावर, आभाळावर?"

मिस्त्री पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

"तुमच्या सगळ्यात हलक्या गिअरला पायडलच्या एका फेरीत सायकल पावणेतीन मीटर जाते. माझे गुडघे दीड मीटरच ओढतात. समोर चोवीस दाते हवेत, मागे चौतीस."

"मग वीसचीच लावू की. आणखी हलकी."

"नको. मिनिटाला साठ फेऱ्या मला जमतात. चोवीसवर त्यात तोल राहण्याइतका वेग मिळतो. त्याहून हळू गेले की पुन्हा गटार. आणि थोरल्या दोघीही राहू द्या, खालची सपाट वाट त्यांचीच. हो, मागची चकती मोठी झाली म्हणजे साखळीला कड्याही वाढवा."

"वहिनी, तुम्ही पाणी तपासता की मला?"

"गढूळ दिसलं की तपासावंच लागतं."

मिस्त्रीने मुकाट्याने डबा ओढला आणि मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर साखळी मधलीवरून उतरून माझ्यावर बसली. मी कण्हले, पण फिरले. आठही दिवस बाई वर पोचल्या. काम त्यांचंच राहिलं. "धाकटीने लाज राखली," असं म्हणून त्यांनी मला तेल दिलं. सहा वर्षं मी तो चढ ओढला. सपाटीवर थोरली मिरवायची, लोक तिचा वेग बघायचे. मी काम करायचे तिथे बघायला कोणी नसायचं.

पुढे बाईंचे पाय तयार झाले. मधलीवरच चढ निघू लागला. मिस्त्रीची जुनी खोड उसळली. "वहिनी, धाकटी आता नुसतं ओझं. काढू?"

आणि बाई, हे मी विसरलेले नाही, "काढा," म्हणाल्या. चढ मधलीवर निघतो, हे चारचौघांत सांगायची त्यांनाही गोडी लागली होती.

दोन वर्षं मी दुकानात चहाच्या किटलीखाली होते. टेबल भाजू नये म्हणून. अंगावर चहाची वर्तुळं, दातांत साखर. मुंग्यांनी तेवढी माझी आठवण ठेवली.

मग बाईंना मोठा ताप आला. दोन महिने अंथरूण धरलं. उठल्या त्या निम्म्या होऊन. कामावर गेल्या आणि तिसऱ्या वळणावर मधलीने दगा दिला. सायकल हाताने ढकलत खाली आणली. साहेबांनी पुन्हा टेबलाचं नाव काढलं. या वेळी आठ दिवसही नव्हते, फक्त उद्याची सकाळ होती.

बाई दुकानातल्या स्टुलावर येऊन बसल्या.

"भावोजी, धाकटी कुठे आहे?"

मिस्त्रीने किटलीकडे बघितलं. मग किटली उचलली.

"काढायचं मीच सुचवलं, वहिनी."

"आणि काढा मीच म्हटलं. निम्मं तुमचं, निम्मं माझं. घासा आता."

त्याने मला रॉकेलमध्ये बुडवून तासभर घासलं. गंज गेला, झीज कुठे जाणार? सकाळी चढाला लागलो तेव्हा साखळी माझ्यावरून दोनदा घसरली. बाई धापा टाकत फेऱ्या मोजत होत्या, चुकत होत्या, पुन्हा एकपासून मोजत होत्या. तिसऱ्या वळणावर वाटलं, आता दोघीही गटारात. दात रोवून धरले, दुसरं काय करणार?

टाकीपाशी पोचल्यावर बाई कठड्याला टेकून बसून राहिल्या. मग बाटली भरली, औषधाचे थेंब टाकले, रंग ताडून पाहिला. लगेच फोन लावला.

"साहेब, वरून बोलतेय. पाणी चांगलं आहे."

त्या आठवड्यात मिस्त्रीने नवी चकती आणली. चोवीस दात्यांचीच, न विचारता. मला पुसून, तेल लावून, काचेच्या कपाटाशेजारच्या खिळ्यावर टांगलं. खाली खडूने लिहिलं, 'द्यायची नाही'. किटलीखाली आता फरशीचा तुकडा असतो.

मित्रांनो, मला पुन्हा फिरवा, असं म्हणायचं त्राण माझ्यात नाही. मागणं एवढंच, सपाटीवर असताना चढाची सोय मोडू नका. पाय आज तुमचे आहेत, उद्याचं तापाला विचारा. घरात, कामात, जिची गरज क्वचित लागते अशी एखादी धाकटी असेलच. तिला अधूनमधून पुसा, थेंबभर तेल द्या. आणि चहा दुसऱ्या कशावर तरी ठेवा.