कोरी काच

घड्याळजींनी चिमट्याने पातळ झाकणकाच उचलली, थेंबाच्या कडेला तिरकी टेकवली आणि हलकेच सोडली. काचेखाली काही असण्याचे कारण नव्हते. सकाळपासून कॅमेऱ्यात एक काळा ठिपका दिसत होता. तो भिंगावरचा की काचेवरचा, एवढेच ठरवायचे म्हणून त्यांनी धुतलेल्या रिकाम्या बाटलीत विकतचे शुद्ध पाणी हलवून त्याचा थेंब घेतला होता.

सूक्ष्मदर्शकाची नळी खाली आली. ठिपका भिंगावरचाच निघाला. पण मधोमध एक डायटम पडला होता. होडीसारखा, कडेला बारीक दातेरी रेघा आणि कणा एका बाजूला झुकलेला. तळ्यातल्या या शेवाळकणांची काचेसारखी कवचे टिपण्यात त्यांची चार वर्षे गेली होती. हे कवच ते झोपेतही ओळखू शकले असते.

बाटली त्यांनी नळाखाली धुतली होती आणि गावाच्या नळांना पाणी तळ्यातूनच येत होते.

त्यांनी भाच्याला फोन केला. तो शवविच्छेदन विभागात तंत्रज्ञ होता. जेवणाच्या सुट्टीत तो हेल्मेट हातात घेऊनच आत आला.

"मामा, डबा तसाच टाकून आलोय. एवढं काय झालं?"

"बघ."

भाचा वाकला. "तळ्यातलं आहे."

"नळातलं आहे."

भाच्याने नळी पुन्हा खालीवर करून पाहिली.

आठ महिन्यांपूर्वी तळ्यात एक बाई सापडली होती. पाय घसरला, असे तिचा नवरा सांगत होता. घरात मारून मग टाकली, असे तिच्या आईचे म्हणणे होते. माणूस जिवंतपणी बुडला तर पाण्याबरोबर हे कण रक्तात शिरतात, थेट हाडांच्या मज्जेपर्यंत पोचतात. मेलेल्याच्या शरीरात रक्त फिरतच नाही. भाच्याने मज्जा आम्लात उकळून काच तयार केली आणि ओळख पटवायला मामाकडे आणली. "आपल्या तळ्यातलंच ना?" मामांनी एका दमात होकार दिला. त्यांनी काढलेला फोटो अहवालाला जोडला गेला. नवरा सुटला. आजीकडे राहिलेली चार वर्षांची मुलगी त्याच्या ताब्यात गेली.

"त्या दिवशी बाटल्या कशाने धुतल्या होत्यास?"

भाचा हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळू लागला. "डिस्टिल्ड पाणी संपलं होतं. साहेब रजेवर. नळाखाली धुतल्या, पण अगदी घासून धुतल्या."

"नुसत्या पाण्याची कोरी काच करून पाहिलीस?"

"तुम्ही तरी विचारलंत का?"

नव्हते विचारले. त्या संध्याकाळी ते दिव्याचा कोन बदलत बसले होते. रेघा निळ्या दिसाव्यात म्हणून त्यांनी साठ फोटो घेतले होते.

"यानं तो दोषी ठरत नाही, मामा."

"नाही ठरत. निर्दोषही ठरत नाही. काहीच ठरत नाही."

"माझ्या नोकरीचं मात्र ठरतं."

मामी दारात आली. "दोन घास खाऊन जा रे. यांचं सोड, डोळ्याला भिंग लागलं की यांना भूक लागत नाही."

"नको, मामी." तो दारापर्यंत गेला आणि पाठमोराच म्हणाला, "पत्र लिहाल तेव्हा माझं नाव नीट लिहा. नळ मी सोडला होता."

दुसऱ्या दिवशी विभागाच्या कचेरीत पत्र देऊन घड्याळजी त्या बाईच्या आईच्या घराचे तीन जिने चढले. कोर्टाच्या व्हरांड्यात ती त्यांना म्हणाली होती, "काचेत बघून माणसं ओळखता का हो तुम्ही?" आज तिनेच दार उघडले. तिच्या मागे नात फरशीवर चित्र रंगवत होती. जावई स्टुलावर चढून पडद्याची दांडी बसवत होता.

"आठवड्यातून एकदा येतात दोघं," ती हळू आवाजात म्हणाली. "तेव्हा वाटेल ते बोलले मी तुम्हाला. पण तुमचा तो फोटो आठवते, म्हणून याच्याकडे बघवतं. नाहीतर पोरगी डोळ्यांनासुद्धा दिसली नसती. आत या, चहा टाकते."

"चहा नको." घड्याळजी पायपुसण्यावरून पुढे सरकले नाहीत. "जरा जिन्यात येता? त्या फोटोबद्दलच बोलायचं होतं."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. स्टुलावरून आवाज आला, "कोण आहे, आई?"

वळून ती खोलीत गेली आणि मुलीच्या हातातला खडू काढून घेतला.

"चप्पल घाल, बाळा. आपण खाली जाऊ."