दुसरी वेलांटी

शाळेत गाण्याच्या बाई तिला शेवटच्या रांगेत उभं करायच्या आणि हळूच सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव हं." आवाज लहानपणापासूनच भरडा, जात्यात खडा आल्यासारखा. वर्गातल्या पोरींनी नाव पाडलं घोगरी. पुढे त्या पोरी आपापल्या संसाराला लागल्या, बाई निवृत्त झाल्या, नाव तेवढं मागे उरलं. मग हिनंच ते उचललं आणि पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापून घेतलं.

रॅपमध्ये ती शिरली कॉलेजच्या कँटीनमधून. तिथं पोरं टेबलं बडवत यमकांमधून एकमेकांची उणीदुणी काढायची. जो गप्प बसेल तो हरला. एकदा समोरच्यानं हिच्यावर ओळी फेकल्या, की असल्या आवाजाच्या पोरीला कोण मुलगा पसंत करणार. सगळं कँटीन खिदळलं. हिनं ग्लासभर पाणी प्यायलं, टेबलावर बोटं आपटून ताल धरला आणि म्हणाली,

माझ्यासाठी मुलगा शोधून दमलात का रे सगळे?
मी शोधत होते मुलगी, तुमचे पत्तेच निघाले वेगळे.

हसावं की काय करावं, क्षणभर कुणाला कळेना. मग एक टेबल वाजायला लागलं आणि ते काही थांबेना. ते वाजवणारा पोरगा पुढे तिचा जोडीदार झाला, गाण्यातला. दिसेल त्या वस्तूवर ताल धरायचा म्हणून त्याला सगळे ठोक्या म्हणत. ओळी हिच्या, ताल त्याचा, असं त्यांचं ठरून गेलं.

कुणीतरी तो प्रकार फोनवर टिपला होता. घोगरी घरी पोचायच्या आत तो घरी पोचला. आईनं दार उघडलं, लेकीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आवाज बसलाय तुझा. मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर."

त्यानंतर त्या विषयावर आईनं वर्षानुवर्षं तोंड उघडलं नाही. भांडली नाही, रडली नाही, घराबाहेरही काढलं नाही. झाकली मूठ. पुढे घोगरीला चष्मेवाली भेटली आणि दोघींनी बिऱ्हाड केलं, तेव्हा आई स्वतः शिवलेले पडदे घेऊन आली, स्टुलावर चढून खिडक्यांना लावून गेली, आणि दोघींत पलंग एकच कसा, हे तिनं विचारलं नाही.

चष्मेवाली चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून बघायच्या. बोलणं कमी, पण जे बोलायची ते आरपार. आई तिला नावानं हाक मारत नसे. फोनवर विचारायची, "तुझी ती बरी आहे ना?"

गाण्यावर पोट भरत नव्हतं. दिवसा घोगरी लोकांना गाडी शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय तयार ठेवायचा, आणि समोर भिंत आली तरी आवाज चढवायचा नाही. हे तिला फार चांगलं जमायचं. तिचा घोगरा आवाज ऐकला की घाबरलेली माणसं निवळायची. का कोण जाणे.

वडील गेल्यापासून त्यांची गाडी इमारतीखाली कव्हर घालून उभी होती. दादाचं म्हणणं, विकून टाकू. एक दिवस आईचा फोन आला.

"मला शिकव."

"काय?"

"गाडी. काय म्हणजे? जगाला शिकवतेस, मग आईनंच काय घोडं मारलंय?"

अशी आई साठी ओलांडल्यावर लेकीच्या हाताखाली आली. पहिल्या दिवशी तिनं ट्रेनिंग स्कूलची गाडी फाटकातून बाहेर काढली आणि फुलांच्या कुंडीवर घातली. ब्रेक घोगरीनं दाबला. "कुंडी मध्येच ठेवतात लोक," आई म्हणाली.

हळूहळू घोगरीच्या एक गोष्ट लक्षात आली. घरात समोरासमोर बसलं की आई गप्प. गाडीत मात्र दोघींच्या नजरा रस्त्यावर. एकमेकींचा चेहरा बघावा लागत नाही, मग तोंड आपोआप सुटतं. दादाचं, वहिनीचं, वडिलांच्या शेवटच्या आजाराचं, आई सगळं बोलायची. एक विषय सोडून.

त्याच दिवसांत घोगरीचं एक गाणं लोकांनी उचललं. ठोक्यानं त्याला अगदी मऊ ताल दिला होता, दुसऱ्या खोलीत कुणी चालावं तसा. गाणं चष्मेवालीवरचं होतं, आणि ते घोगरीनं कुणापासून लपवलं नव्हतं.

दार वाजलं नाही, तरी तू आलीस
चप्पल एक उलटी, एक सुलटी, तू आलीस
घरभर सांडलेला माझा आवाज
चिमटीत धरलास, आणि मला ऐकू आलीस.

गाणं फोनाफोनांतून पसरलं. कुठल्या कुठल्या मुलींचे निरोप यायला लागले. काही शिव्याही आल्या. त्यांतली यमकं फारच कच्ची होती. आणि मग एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं.

कंपनीचे साहेब वयानं तिच्याहून लहान होते, आणि वागायला खरंच चांगले. त्यांनी गाणं पाठ म्हणून दाखवलं. मग म्हणाले, "आम्ही हे घरोघरी पोचवतो. फक्त एक बदल. शब्दसुद्धा नाही, मात्रा. 'आलीस'चं 'आलास' करा. दुसऱ्या वेलांटीच्या जागी काना."

"आणि मी?"

"तुम्ही तुम्हीच. मुलाखतीत हवं ते बोला, आमची काही हरकत नाही. गाणं तेवढं सगळ्यांचं होऊ द्या."

घोगरीला राग यायला हवा होता. आला नाही. माणूस सरळ होता, चहा चांगला होता, खुर्ची मऊ होती. अशा ठिकाणी नाही म्हणणं अवघड जातं. ती म्हणाली, विचार करून सांगते.

ठोक्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात एक मोटर उघडून बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मला हवंय," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आयुष्यभर लोकांच्या मिक्सरमधला मसाला खरवडत बसू का? तुझ्याकडे तुझं म्हणणं आहे. माझ्याकडे नुसता ताल. तालाला कुठं बाई-पुरुष असतो?"

घोगरीनं टेबलावर विखुरलेले स्क्रू गोळा करून त्याच्यापुढे ठेवले.

दुसऱ्या दिवशी गाडीत तिनं आईला सहज सांगितल्यासारखं सांगितलं. आईनं गियर बदलला. गाडीनं कण्हून दाखवलं.

"बदल की मग," आई म्हणाली. "काना काय नि वेलांटी काय."

"आई, ते गाणं तिच्यावर आहे."

"माहितीये मला कुणावर आहे ते. मी काय बहिरी आहे?" आईनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "रोज ऐकते. कानात घालून, स्वयंपाक करताना. तुझी आत्या आली की पटकन बंद करते. तो काना असता तर मोठ्यानं लावलं असतं. माझी मुलगी गाते म्हणून सांगितलं असतं."

घोगरीला सिग्नल दिसला नाही. आईलाच ब्रेक दाबावा लागला.

आई रोज ऐकते, ही गोष्ट तिला दिवसभर काही सुचू देईना. एवढीशी मात्रा, आणि आईच्या स्वयंपाकघरात गाणं मोठ्यानं वाजेल. ठोक्याचं दुकान सुटेल. संध्याकाळी ती घरी आली आणि कपड्यांच्या कपाटात शिरली. रेकॉर्डिंग ती तिथंच करायची; लटकलेल्या कपड्यांमुळे आवाज घुमत नसे. गाणं तिनं काना लावून म्हटलं. आलास, आलास, मला ऐकू आलास. वाईट झालं असतं तर बरं झालं असतं. पण तसं नव्हतं. यमक जिथल्या तिथं बसलं, वजनही कुठं ढळलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा चष्मेवाली पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"छान झालंय," चष्मेवाली म्हणाली. "कोण आहे हा?"

"कोण?"

"हा आलेला. माणूस बरा वाटतो. आवाज चिमटीत धरतो म्हणजे हलक्या हाताचा असणार. ओळख करून दे एकदा."

घोगरी हसायला लागली. चष्मेवालीही हसली, पण हातातला शर्ट तिनं खाली ठेवला.

"हे बघ, मी घे म्हणत नाही नि नको म्हणत नाही. गाणं तुझं. पण हे वाजायला लागलं की तो पुढच्या खोलीत बसणार आणि मी आतून चहा पाठवणार. मला ते जमेल. तुला जमेल का, ते बघ."

रात्री घोगरीला छान झोप लागली. सकाळी उठून तिनं कंपनीला नाही म्हणून कळवलं.

ठोक्यानं एकदाच विचारलं, "नक्की?" मग म्हणाला, "मी चिडलोय."

"माहितीये."

"जाईल राग. पण मी त्यांच्याकडे जातोय. त्यांना ताल बसवणारा हवाच आहे."

"जा," ती म्हणाली, आणि तिनं ते मनापासून म्हटलं. कंपनीतल्या त्याच्या पहिल्या दिवशी तिनंच त्याला गाडीनं सोडलं. पण परत येताना शेजारची सीट रिकामी बघून तिला भडभडून आलं, आणि रस्त्याच्या कडेला थांबून ती जरा वेळ रडली.

नकाराचं कळल्यावर आईनं मात्र शिकायला येणं बंद केलं. "गुडघा दुखतोय." कुठला गुडघा, ते दर वेळी बदलायचं.

ताल हवा होता. दुसऱ्या कुणाशी तिचं जमेना. एका दुपारी ती ट्रेनिंग स्कूलच्या गॅरेजमध्ये उभ्या गाडीत बसून होती. इंडिकेटर चालू राहिला होता, टक-टक, टक-टक. ती नुसती ऐकत राहिली. मग तिनं फोन काढून तो आवाज टिपला. कोरड्या काचेवरचा वायपर टिपला, सीटबेल्टची खटकी, दाराचा धप्प आवाज टिपला. नवशिक्यांनी खरवडलेले गियर तर तिच्याकडे रोजचेच होते. चष्मेवालीच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून ती हे सगळं जोडायला शिकली. पहिले प्रयत्न ऐकवत नव्हते. चष्मेवाली एवढंच म्हणायची, "अजून अंधुक आहे." पुढे एका गाण्याला ती म्हणाली, "आता वाचता येतंय," आणि घोगरीनं त्या आनंदात तिला खोलीभर नाचवलं.

अशी गाणी जमत गेली. कंपनी नाही, साहेब नाही. तिनंच ती लोकांपुढे ठेवली. कुणी डोक्यावर घेतली नाहीत, पण वाऱ्यावरही गेली नाहीत. ऐकणारे थोडे होते, मात्र ते पुन्हा पुन्हा येत राहिले. लहान लहान ठिकाणांहून बोलावणी यायला लागली. दरम्यान कंपनीनं दुसऱ्या एका गायकाकडून तसलंच काहीतरी करून घेतलं, तेही बरं चाललं. घोगरीनं ते ऐकलं. ताल ठोक्याचा होता, उत्तम होता. तिनं त्याला तसं कळवलंही.

आणि एका सकाळी आई ट्रेनिंग स्कूलच्या दारात येऊन उभी राहिली. पर्स काखेत, दोन्ही गुडघे धडधाकट.

गाडी चौकाच्या पुढे गेल्यावर म्हणाली, "तुझ्या आत्याला सांगितलं मी."

"काय?"

"की मुलगी गाते. आणि ते गाणं तिच्या जोडीदारणीवर आहे."

घोगरीनं पाय अलगद ब्रेकवर ठेवला. गरज पडली नाही. "मग?"

"मग काय? तिनं फोन ठेवला. बरंच झालं, एरवी तासभर पिळते." आईनं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, वळण अगदी शहाण्यासारखं घेतलं. "तू एवढ्या मोठ्या लोकांना नाही म्हणालीस. मी विचार केला, आपलं तरी काय अडलंय कुणावाचून? पण तेवढा विचार करायला मला वेळ लागला. म्हातारीचं डोकं, लवकर तापत नाही."

"गुडघा?"

"गप्प बस. समोर बघू दे."

आईला लायसन्स मिळालं त्याच महिन्यात घोगरीचा स्वतःचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. जुन्या कापडगोदामाचा हॉल होता, वेळ रविवारी दुपारची. खुर्च्या तिनं आणि चष्मेवालीनं आदल्या दिवशी लावल्या. दुपारी घोगरी पुढे गेली. चष्मेवाली घरी आवरत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"खाली ये. मी आलेय," आईचा आवाज. "ह्यांची गाडी लावायला जागा सापडेना, रस्त्यात मध्येच उभी आहे. आणि हे बघ, मला उजवीकडे वळायची भीती वाटते, तेव्हा तू नुसती डावीकडची वळणं सांगायची."

नुसती डावीकडे वळत दोघी निम्म्या शहरातून हॉलला पोचल्या, तोवर घोगरीचं दुसरं गाणं संपत आलं होतं. तिनं मंचावरून दार उघडलेलं पाहिलं. चष्मेवालीचे केस विस्कटलेले, आणि आईनं तिचा दंड असा धरलेला, जणू हीच तिला शोधून घेऊन आलीय. मागच्या रांगेत ठोक्या होता, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर बोटं आपटत. आई पहिल्या रांगेत बसली, पर्स मांडीवर. इंडिकेटरची टकटक सुरू झाली तशी तिनं दचकून आजूबाजूला बघितलं. मग तिनंच खरवडलेला गियर आला, तेव्हा ती चष्मेवालीच्या कानाशी लागली. काय म्हणाली ते मंचावर ऐकू आलं नाही. हॉल भरला नव्हता, पण आलेला एकही माणूस मध्येच उठला नाही.

घरी परतताना आईनं किल्ली कुणाला दिली नाही. शेजारी घोगरी, मागे चष्मेवाली.

"बरं होतं," आई म्हणाली. "पण फार भरभर म्हणतेस. अर्धं कळतच नाही. ते शेवटचं काय होतं?"

"म्हणून दाखवू?"

"दाखव. सावकाश."

घोगरीनं घसा साफ केला आणि गाणं सावकाश म्हणायला सुरुवात केली. ताल नव्हता, माइक नव्हता. एकेका ओळीला आई मान हलवायची, मध्येच थांबवून एखादा शब्द पुन्हा विचारायची. एका शब्दाचा अर्थ मागून चष्मेवालीनं सांगितला. "असं होय," आई म्हणाली, आणि अर्थ नीट समजावा म्हणून तिनं गाडी आणखी हळू केली. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला.

"वाजवू दे त्याला," आई म्हणाली. "तू म्हण पुढे."