नोव्हेंबरची राहिलेली सही

टाचणी स्वेटरच्या खांद्यात अजून होती. चिठ्ठी काल अलकानं काढून घेतली, टाचणी मात्र राहून गेली, आणि दप्तराचा पट्टा वर दाबला की पोरीला टोचणार, म्हणून माधवराव वाकून ती चाचपत होते — लोकरीत पार बुडालेली, टोक कुठं नि डोकं कुठं, बोटांना काही लागत नव्हतं... ह्याच बोटांनी पीडब्ल्यूडीत सारी नोकरी पुलांचे नकाशे काढले, असं कुणाला सांगितलं तर आज कुणी खरं मानलं नसतं. सायली अवघडून उभी होती. काल जेवताना तिनं एकदाच सांगितलं होतं, की अशी चिठ्ठी टाचून फक्त नर्सरीतल्या मुलांना पाठवतात, मी तिसरीत आहे. आणि ताट बाजूला सारलं होतं.

"आजोबा, सोडा ना. रिक्षा आली."

टाचणी निघाली. नात निघून गेली. माधवराव तळहातावर टाचणी घेऊन उभेच राहिले.

चिठ्ठीत फार काही नव्हतं. जानेवारीच्या तिमाहीची फी शाळेच्या खात्यात आलेली नाही. ती जमा होईपर्यंत, सोमवारपासून, मुलीला वर्गात बसू दिलं जाणार नाही. आज शनिवार. बँक दुपारपर्यंतच.

"अण्णा, फी तर तुमच्या खात्यातून आपोआप जाते ना?" अलका डबा भरता भरता विचारत होती. ती पोस्टात काउंटरवर बसते. तिच्या आवाजात सासऱ्याबद्दल तिळभर शंका नव्हती, आणि तेच माधवरावांना सोसवेना.

"जाते की. आता कंप्यूटर बसवलेत त्यांनी, त्यातच काही घोळ झाला असणार."

"मग मीच जाऊन येते. चांगली झाडते एकेकाला."

"तू कशाला ऑफिस बुडवतेस? मी जातो. माझी ओळख आहे तिथं."

"बरं. पण दबून बोलू नका हं अण्णा. चूक त्यांची आहे."

चूक कुणाची ते माधवरावांना चांगलं ठाऊक होतं. पण माणूस एकदा खोटं बोलला, की त्या खोट्याची उठबस करता करता त्याचा दिवस जातो. तसे ते कोट घालून, मफलर गुंडाळून, रागावलेल्या माणसाचा चेहरा करून नानाखेड्याच्या नाक्यावर टेम्पोची वाट बघत उभे राहिले. राग कुणावर? कंप्यूटरवर. काय म्हणावं ह्या माणसाला.

फी आपोआप जायची, हे खरं होतं. माधवरावांच्या मुलाचं, हर्षलचं, फ्रीगंजमध्ये एसटीडी बूथ होतं; कधी चालायचं, कधी नाही, आणि सायली केजीत असताना एकदा फी थकली, तेव्हा माधवरावांनी बँकेत जाऊन लिहून दिलं — माझ्या पेन्शनमधून दर तीन महिन्यांनी इतके पैसे शाळेच्या खात्यात वळते करा, मला विचारू नका. कुणी आठवण ठेवायला नको, कुणी विसरायला नको. हर्षल त्या दिवशी हसला होता. म्हणाला, "अण्णा, बाप म्हणून माझं एवढंच तर काम होतं, तेही तुम्हीच घेतलंत." हसत म्हणाला होता... पण मी त्याच्या तोंडाकडे बघितलं का तेव्हा? नाही बघितलं. मी पासबुक बघत होतो.

टेम्पो आला. दोन बायांच्या मध्ये आणि एका भाजीच्या टोपलीवर गुडघे टेकवून माधवराव बसले.

हर्षल ऑक्टोबरात गेला. साधी कावीळ म्हणता म्हणता इंदूरच्या इस्पितळात गेला तो आलाच नाही, आणि माधवरावांच्या खात्यात जे काही होतं ते तिथंच धुऊन निघालं. त्याचं दुःख नव्हतं. महिन्याची पेन्शन येत राहिली असती तर फीपुरतं पुन्हा साठलं असतं. पण पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरात पेन्शनरानं स्वतः बँकेत जाऊन, बाबूच्या समोर एका कागदावर सही करावी लागते, की मी जिवंत आहे. हयातीचा दाखला. तो दिला नाही की डिसेंबरपासून पेन्शन बंद. पेन्शन बंद, की खातं रिकामं. आणि रिकाम्या खात्यातून आपोआप काय जाणार?

माधवरावांनी दाखला दिला नव्हता. अलकाला सांगितलं होतं, देऊन आलो.

म्हणजे गेले होते. दरवर्षी हर्षल स्कूटरवरून न्यायचा, ह्या वर्षी टेम्पोनं गेले. बँकेच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्यांची रांग होती, कोवळं ऊन अंगावर घेत उभी. कुणी दात नवे बसवलेले दाखवत होतं, कुणी कुणाला म्हणत होतं, "क्यों, इस साल भी निकाल ले गए?" — हेही वर्ष तगलात वाटतं — आणि सगळे खिदळत होते. त्यांचं काही चुकत नव्हतं. गेल्या वर्षी मीही तिथंच उभा राहून खिदळलो होतो, आणि हर्षल स्कूटरला टेकून शेंगदाणे खात... माधवराव खालच्या पायरीवरून परत फिरले. पुन्हा पाय उचललाच नाही.

पण खरं कारण रांग नव्हती. खरं कारण त्याच्याही आधीचं, राम घाटावरचं, आणि ते त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी धड पूर्ण म्हटलं नव्हतं.

हर्षलला मुलगा नाही, म्हणून दहाव्याला बापच बसला. नदीचं पाणी उतरलेलं, थंड फरशी, समोर भाताचे पिंड. गुरुजींनी संकल्पासाठी विचारलं, गोत्र? वसिष्ठ. जाने वाले का नाम? आणि माधवराव म्हणाले, "माधव."

गुरुजी थांबले. चांगला माणूस, हळूच म्हणाले, "दादा, आपका नहीं. बेटे का." मागे उभ्या असलेल्या चुलतभावानं गुरुजींना नाव सांगितलं, माधवरावांच्या पाठीवर हात ठेवला. दुःखात होतं असं. सगळ्यांनी ते तिथंच सोडून दिलं.

चूक नव्हती ती. जीभ चाचरली असं लोकांना वाटलं. पण ते नाव मी जाणूनबुजून घेतलं होतं... घ्यायचं ठरवून गेलो नव्हतो, पण तोंडातून येत होतं तेव्हा मला ते ऐकू येत होतं, आणि मी ते येऊ दिलं. सत्तरीच्या बापाच्या जागी चाळिशीचा पोरगा, असा हिशेब कुणी केला असेल, तर तो फिरवता येतो का ते एकदा बघावं, एवढंच. मागणं म्हणायचं तर मागणं, लाच म्हणायची तर लाच. आणि मागणं घातल्यावर माणूस दुसऱ्या महिन्यात बँकेत जाऊन लिहून देतो का, की मी जिवंत आहे, माझे पैसे सोडा? मग घाटावर बोललो ते सगळं खोटंच ठरलं. म्हणून ते वाट बघत राहिले. रात्री झोपताना वाट, सकाळी उठल्यावर थोडी निराशा. डिसेंबर गेला, संक्रांत गेली. आणि ह्या सगळ्यात एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नाही, की ह्या वाट बघण्याचे पैसे सायली भरते आहे.

फ्रीगंज आलं. उतरताना मागचा माणूस म्हणाला, "बाबूजी, जल्दी करो."

बँकेत टेबलं हलवलेली होती, काचेमागे कंप्यूटर, पण पेन्शनच्या खिडकीत दिलीपबाबू जुनेच. इतकी वर्षं तेच. दर नोव्हेंबरला ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "कहिए दादा, हैं?" आणि माधवराव म्हणायचे, "हूँ भाई, लिख लो." आहात ना अजून, हा दोघांचा ठरलेला विनोद. माधवराव खिडकीपाशी गेले — आता हा विचारणार.

दिलीपबाबूंनी विचारलं नाही. खुर्ची पुढे ओढली.

"बैठिए दादा. सुना मैंने हर्षल का." मग चष्मा पुसत, "नवंबर में राह देखी आपकी. दिसंबर में भी."

"पोती की फीस रुक गई," माधवराव म्हणाले. अलकानं सांगितलेलं भांडण कुठल्या कुठे गेलं होतं.

"फीस नहीं रुकी, पेन्शन रुकी है. फीस तो उसी में से उठती है न." दिलीपबाबूंनी ड्रॉवरमधून छापील कागद काढला. "इस पर साइन कर दो, रुकी पेन्शन अभी चढ़ा देता हूँ, और स्कूल का पैसा बैंक बंद होने से पहले हाथ से चलवा दूँगा. सोमवार को बच्ची आराम से बैठेगी."

एवढंच होतं. माधवरावांनी पेन उघडलं. कागदावर मधोमध छापलं होतं, की प्रमाणित किया जाता है कि श्री — रिकामी जागा — आज दिनांक को जीवित हैं. त्या रिकाम्या जागेत नाव लिहायचं होतं.

माधवराव त्या जागेकडेच बघत बसले. दिलीपबाबू दुसरीकडे बघू लागले, शहाणा माणूस. माधवरावांना वाटलं, उठावं, म्हणावं चष्मा राहिला, सोमवारी येतो... आणि सोमवारी सायली वर्गाबाहेर, व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून. येणारी-जाणारी पोरं बघतायत. ती कुणाला सांगणार नाही काही, घरी येऊन नुसतं ताट सारेल. हर्षलचीच सवय. हर्षल रे... मी नाव दिलं होतं तुझ्याऐवजी. खरंच दिलं होतं. कुणी घेतलं नाही. आता तुझी पोरगी बाहेर उभी राहील, तर हे परत घेतो मी. घेऊ ना?

त्यांनी लिहिलं: माधव. मग बापाचं नाव, मग आडनाव, मग खाली सही. आणि सही करताना त्यांना पहिल्यांदा कळलं, की हर्षल गेला. घाटावर कळलं नव्हतं. तेव्हा अजून काहीतरी बाकी होतं, बोलणी चालू होती, आता मिटलं. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून त्यांनी मान वळवली.

दिलीपबाबूंनी कागद घेतला, शिक्का मारला, आत जाऊन कुणाशी बोलून आले. मग दुसरा एक फॉर्म पुढे सरकवला.

"एक काम और कर लो दादा. बहू का खाता भी जोड़ दो. आपके में पैसा कम पड़ा, तो उसमें से उठ जाएगा. फिर बच्ची की फीस किसी की राह नहीं देखेगी. बस बहू के दस्तखत चाहिए." आणि ड्रॉवर लावत, "बाकी अगले नवंबर में मिलते हैं."

पुढला नोव्हेंबर. फॉर्म घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवत माधवराव पायऱ्या उतरले. पुढला, आणि त्याच्या पुढला, पोरीची बारावी होईपर्यंत दर नोव्हेंबरला इथं यायचं, हाडं घेऊन, ह्या पायऱ्या चढून... जमेल? दम लागतो हल्ली. डाव्या पायाला मुंग्या येतात, डॉक्टरला दाखवलं नाही, कशाला दाखवायचं होतं. आता दाखवायला हवं. रस्त्याच्या कडेला आले आणि थबकले. टेम्पो, स्कूटरी, एक भरधाव मेटाडोर. ते एकदम दोन पावलं मागे सरले. भीती होती ती. मरायची साधी, भित्री भीती, जी ऑक्टोबरपासून त्यांना शिवली नव्हती. मला जगायचं आहे... हे वाक्य मनात आलं तसे ते शरमले, आजूबाजूला कुणी ऐकलं तर नाही असे बघू लागले.

संध्याकाळी अलका विचारेल, चूक कुणाची होती. आणि फॉर्मवर तिची सही हवी, म्हणजे का, ते सांगावं लागेल, नोव्हेंबरचं सांगावं लागेल, कदाचित घाटावरचंही. तेवढं सांगून होईल, रडत का होईना. पण त्याच्यानंतरचं? बँकेत लिहून दिलं ते सोपं होतं, तिथं छापलेलंच होतं. जिचा नवरा गेला तिच्यासमोर बसून, ह्या वयात, जगायची इच्छा झाली आहे असं कोणत्या तोंडानं म्हणायचं, हे माधवरावांना सुचेना, आणि रस्ता मोकळा झाला तरी ते कडेलाच उभे राहिले.